स्पायरोमीटर घेण्याआधी तो खोलून बघा

दुकानदार स्पायरोमीटर, म्हणजे फुंकून श्वास मोजायचं यंत्र, दाखवायला बसला की आधी स्क्रीन चालू करतो. रंगीत आलेख, ब्लूटूथ, मोबाइलवर रिपोर्ट. ते सगळं बाजूला ठेवायला सांगा आणि त्याला एकच काम द्या: तोंडापासून सेन्सरपर्यंत जे जे सुटतं ते काढून टेबलावर मांड आणि परत जोड. तुकडे किती निघाले, स्क्रू-ड्रायव्हर लागला का, एखादा भाग मुद्दाम उलटा बसवला तर बसला का, जोडल्यावर यंत्राने कॅलिब्रेशन (मोजमाप बरोबर येतंय ना ते) तपासायची आठवण केली का, हे नीट बघा. माहितीपत्रकात यातलं काहीच नसतं आणि पुढची काही वर्षं त्रास याचाच होतो.

कोल्हापुरात हे यंत्र दोन ठिकाणी जास्त राबतं. एक म्हणजे छातीच्या डॉक्टरांची ओपीडी. दुसरं म्हणजे शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहतीतल्या फाउंड्री कामगारांच्या तपासण्या. मोल्डिंगची वाळू म्हणजे सिलिका, आणि फेटलिंगच्या, म्हणजे ओतीव भाग घासून साफ करण्याच्या, धुळीत उभ्या राहणाऱ्या माणसाच्या फुफ्फुसाचा हिशेब ठेवायचा तर फुंकून घेण्याला पर्याय नाही. सिलिकोसिस, म्हणजे या धुळीने होणारा फुफ्फुसाचा आजार, झालेल्याला टीबीचा धोकाही वाढतो. अशा पन्नास जणांनी एका दिवसात, एकामागून एक, एकाच यंत्रात जीव खाऊन फुंकायचं आहे. धुण्याचा प्रश्न इथे पहिल्या तासातच उभा राहतो.

निर्जंतुक हा शब्द आपल्याकडे फार सैल वापरतात. उपकरण शरीराला कुठे लागतं त्यावरून केलेल्या स्पॉल्डिंगच्या वर्गवारीनुसार ओठांना आणि तोंडाच्या आतल्या त्वचेला लागणारा भाग मधल्या वर्गात येतो. त्याला किमान उच्च पातळीचं निर्जंतुकीकरण लागतं, वाफेचं ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने जंतू मारणारं यंत्र) जमलं तर उत्तमच. हातात धरायच्या भागाला पुसणं पुरतं. म्हणजे सगळं यंत्र उकळायची गरज नाही. गरज आहे ती घाण भाग आणि इलेक्ट्रॉनिक भाग यांच्यामधल्या स्वच्छ रेषेची. ही रेषा कुठे आखली आहे, त्यावरून यंत्र बनवणाऱ्याने कधी सिंकपाशी उभं राहून काम केलंय की नाही ते लगेच कळतं.

सगळ्यात साधा पीक फ्लो मीटर, फुंकीचा फक्त सर्वात जास्त वेग मोजणारा. बेसिल मार्टिन राइट यांनी मांडलेल्या या यंत्राचा लेख १९५९ मध्ये आला. मूळचं यंत्र मोठ्या तबकडीचं होतं, खिशात मावणारं रूप सत्तरच्या दशकातलं. आत एक स्प्रिंग आणि सरकणारा भाग, फुंकलं की काटा पुढे जाऊन थांबतो. प्रौढांच्या मापकावर साधारण ६० ते ८०० लिटर प्रति मिनिटाची पट्टी असते. वीज नाही, सेन्सर नाही, बिघडण्यासारखं फार काही नाही. पण बहुतेक मॉडेलमध्ये माउथपीस तेवढं निघतं, धड चिकटवलेलं असतं. कोमट साबणपाण्यात बुडवून, दोन-तीन मिनिटांनी खळबळून, झटकून वाळवायचं. आतल्या कोपऱ्यात ब्रश पोहोचत नाही. ऑटोक्लेव्हमध्ये टाकला तर बाहेर काय येईल सांगता येत नाही. त्यामुळे दम्याच्या एका रुग्णाने घरी रोज सकाळ-संध्याकाळ फुंकायला हे यंत्र छान, पाचपैकी चार. ओपीडीत दहा जणांना एकच द्यायचा असेल तर दोन, आणि तेही एकतर्फी झडपेचं कागदी माउथपीस प्रत्येकाला नवीन असेल तरच. झडप असली की आत ओढलेला श्वास आधीच्या माणसाच्या थुंकीवरून येत नाही.

टर्बाइनचा स्पायरोमीटर बाजारात सर्रास मिळतो. नळीच्या दोन्ही टोकांना हवेला पीळ देणारी स्थिर पाती, मध्ये हलकी फिरती पट्टी, आणि ती किती वेळा आडवी आली हे मोजणारा इन्फ्रारेड किरण. रचनेतली खरी हुशारी अशी की इलेक्ट्रॉनिक भाग नळीच्या बाहेर राहतो. टर्बाइन थोडं फिरवून ओढलं की हातात येतं, तारेविना. सुटं होण्याच्या बाबतीत याला पूर्ण गुण.

गुण जातात ते धुताना. पट्टीचा आस सुईसारख्या टोकांवर फिरतो आणि त्यात केस, कापसाचा तंतू किंवा वाळलेली लाळ अडकली की घर्षण वाढतं. जोराच्या फुंकीत ते जाणवत नाही. शेवटच्या संथ हवेत पट्टी लवकर थांबते आणि एकूण श्वास कमी मोजला जातो, म्हणजे दोष नेमका जिथे दिसत नाही तिथे बसतो. म्हणून नळाच्या धारेखाली टर्बाइन धरायचं नाही, धारेने पट्टी वाकते. गरम पाणी नाही, स्पिरिट नाही. थंड निर्जंतुक द्रावणात बुडवायचं, हळू हलवायचं, मग स्वच्छ पाण्यात आणि शेवटी डिस्टिल्ड पाण्यात. बोअरचं पाणी वापरलं तर वाळल्यावर पातींवर क्षाराचा पांढरा थर राहतो. उभं ठेवून वाळवायचं आणि उजेडाकडे धरून हलकी फुंकर मारायची: पट्टी सहज सुरू झाली पाहिजे, अडखळत थांबता कामा नये. पाचपैकी साडेतीन. एकदाच वापरायचं टर्बाइन घेतलं तर ही सगळी यातायात वाचते, पण मग दर माणशी खर्च चालू होतो.

न्यूमोटॅकमध्ये, म्हणजे दाबाच्या फरकावरून हवेचा प्रवाह मोजणाऱ्या यंत्रांत, दोन घराणी. फ्लाइश प्रकार १९२५ पासूनचा. त्यात बारीक केशनळ्यांचा गठ्ठा असतो, त्यातून हवा सरळ रेषेत जाते आणि दोन्ही टोकांमधल्या दाबाच्या फरकावरून प्रवाह कळतो. मोजमापात अजूनही याचा हात धरणारे कमीच. पण त्या केशनळ्यांत पाणी शिरलं की निघायचं नाव घेत नाही. म्हणून तर यंत्राचं मोजणारं डोकं गरम ठेवतात, श्वासातली वाफ आत जमू नये म्हणून. धुतल्यावर रात्रभर वाळवूनही आत ओल असू शकते. पावसाळ्यात कोल्हापुरी पायताण माळ्यावर जातं. फ्लाइशच्या डोक्याचीही तीच जागा असावी असं वाटून जातं. दुसरा लिली प्रकार, बारीक जाळीचा. जाळी एका कड्यात बसवलेली असते आणि चांगल्या रचनेत ते कडं एकटं निघतं. वाळायला सोपी, पण बोटाने चेपली की संपली. जाळी पुसायची नाही, बुडवायची.

दोन्हींचा खरा शत्रू म्हणजे दाब नेणाऱ्या त्या दोन बारीक नळ्या. त्यात थेंबभर पाणी राहिलं की शून्य सरकतं. सरकलेलं शून्य किती महाग पडतं त्याचा हिशेब करून बघा: यंत्र काहीही वाहत नसताना ०.०१ लिटर प्रति सेकंद दाखवतंय आणि रुग्ण पंधरा सेकंद सोडतोय, तर एकूण श्वासात १५० मिलिलिटरची भर किंवा घट. दोन फुंकींमध्ये चालणारा फरकच मुळी १५० मिलिलिटर. म्हणजे एका थेंबाने सगळी मुभा खाल्ली. नळ्या सेन्सरच्या बाजूला जाताना वर चढत जातात का, की खाली लोंबतात, हे घेतानाच बघायचं. लोंबणारी नळी म्हणजे पाणी साठायची जागा. जाळीवाल्याला तीन, फ्लाइशला धुण्याच्या परीक्षेत दोन.

अल्ट्रासोनिक यंत्रात हलणारं काही नाही. नळीच्या दोन बाजूंना तिरके बसवलेले ध्वनी-सेन्सर, वाऱ्याच्या दिशेने जाणारा आवाज लवकर पोहोचतो आणि उलट जाणारा उशिरा. त्या फरकावरून वेग. श्वास जातो ती नळी वेगळी, एका रुग्णाची, आणि तिच्या खिडक्यांवर बारीक जाळी असते. सेन्सरला लाळ लागत नाही. बाण बाणाला जुळवून नळी खाली सरकवायची, फुंकून झालं की काढायची. फाउंड्रीच्या शिबिरासाठी हे सगळ्यात सुटसुटीत, साडेचार. अर्धा गुण कापला तो एका मोहापायी: वापरलेल्या नळ्या धुऊन परत वापरण्याचा. जाळी धुतल्यावर तिचा ताण बदलतो, लाळेची पातळ झिल्ली चिकटून राहते, आणि मोजमाप कुठे चुकलं ते कळायला मार्ग उरत नाही. ही नळी एकदाच, मग लाल पिशवीत. ज्याला दर माणशी खर्च नको त्याने हे यंत्र घेऊच नये. अर्धवट काटकसरीपेक्षा टर्बाइन बरं.

आता सांध्यांकडे. ‘जितके जास्त सुटे भाग तितकं स्वच्छ’ हा समज चुकीचा आहे. प्रत्येक सांधा म्हणजे गळतीची एक जागा आणि घाण बसायची एक खाच. तोंड आणि सेन्सर यांच्यामध्ये गळती झाली तर एकूण श्वास आणि पहिल्या सेकंदातला श्वास दोन्ही कमी येतात. साधारण सारख्याच प्रमाणात, त्यामुळे त्यांचं गुणोत्तर ठीक दिसतं आणि रिपोर्ट फुफ्फुस आकसल्यासारखा येतो. सिलिकाच्या धुळीत काम करणाऱ्याच्या हातात असा रिपोर्ट पडला तर एका झिजलेल्या ओ-रिंगपायी (सांधा हवाबंद करणारं रबरी कडं) त्याची एक्स-रेपासून मोठ्या दवाखान्यापर्यंत वरात निघते. गळती सेन्सरच्या पुढे असेल तर सोडलेल्या श्वासाचं काही बिघडत नाही, हवा मोजून झालेली असते. म्हणून सांधे तपासायचे ते तोंडाच्या बाजूचे.

आट्यांचा सांधा सगळ्यात वाईट. आट्यांच्या तळाशी ब्रश जात नाही, लाळ वाळून बसते आणि पाच-सहा फेरे फिरवताना माणूस कंटाळून अर्ध्यातच सोडतो. क्लिकचे चाप ऑटोक्लेव्हला टिकत नाहीत, त्यांच्या मुळाशी ताण साठतो आणि तिथून चीर जाते. पाव फेऱ्यात बसणारी दोन मोठी दातांची जोडणी चांगली, मात्र दोन दात वेगवेगळ्या रुंदीचे हवेत, म्हणजे उलटं बसणारच नाही. बाण छापलेला असणं वेगळं आणि उलटं बसताच न येणं वेगळं. दिवसअखेर दमलेला तंत्रज्ञ बाण बघत नाही. सगळ्यात उत्तम साधा निमुळता सांधा, ओ-रिंगशिवाय: श्वसनाच्या उपकरणांचा २२ आणि १५ मिलिमीटरचा, ४० ला १ असा उतार, ISO ५३५६-१ या मानकातला. दाबून किंचित फिरवलं की बसतो, धुवायला गुळगुळीत.

ओ-रिंग असलीच तर सिलिकॉनची किंवा ईपीडीएम रबराची बघा. काळी नायट्राइल रबराची वाफेत कडक होते. आणि रिंग खाचेतून काढून धुतली पाहिजे. खाचेत बसल्या बसल्या धुतलेली रिंग म्हणजे खालचा मळ झाकून ठेवणं.

प्लास्टिकबद्दल विचारताना ‘ऑटोक्लेव्हेबल’ एवढ्या एका शब्दावर समाधान मानू नका. किती अंशांना, किती वेळा? एबीएस १०५ अंशांच्या आसपास मऊ पडतं, ते वाफेत जायचंच नाही. पारदर्शक पॉलिकार्बोनेट १२१ अंश काही वेळा सोसतं, मग वाफेने हळूहळू ठिसूळ होतं आणि आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा उमटतात. पॉलिप्रॉपिलीन दुधी, स्वस्त, १२१ ला चालतं, पण दाटीवाटीत ठेवलं तर लंबगोल होतं, आणि लंबगोल झालेलं टोक गळतं. मधासारखा रंग असलेलं पॉलिफेनिलसल्फोन १३४ अंशांच्या शेकडो फेऱ्या झेलतं. महाग आहे, पण माउथपीसचा अडॅप्टर याचा असेल तर पुन्हा घ्यावा लागत नाही. अ‍ॅक्रिलिकला स्पिरिट लावायचं नाही, तडे जातात. चांगला निर्माता कोणता भाग कशात, किती अंशांना, किती वेळ आणि किती वेळा हे एका पानावर लिहून देतो. ISO १७६६४ हे मानक त्यासाठीच आहे. ते पान मागा. नसेल तर सौदा तिथेच थांबवा.

ऑटोक्लेव्हबद्दल कोल्हापुरात एक बारीक गोष्ट हमखास सुटते. शहर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर आहे, त्यामुळे बाहेरच्या हवेचा दाब सहाएक टक्क्यांनी कमी. उभ्या ऑटोक्लेव्हचा काटा १५ पौंड दाखवतो तेव्हा आतली वाफ १२१ अंशांना नसते, जेमतेम १२० च्या आसपास असते. काट्यावर १६ पौंड हवेत, किंवा सरळ तापमापक बघावा. गुंडाळलेल्या साहित्याला साध्या ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशांना ३० मिनिटे धरतात. भाग सुटे करून, नळ्यांची दोन्ही तोंडं उघडी ठेवून मांडायचे. टोपण लावलेल्या नळीत हवा अडकते आणि हवा अडकली तिथे वाफ पोहोचत नाही, म्हणजे तेवढा भाग नुसता तापला.

त्याआधीचं धुणं चुकलं तर पुढचं सगळं वाया. आधी गार पाणी, गरम नाही; गरम पाण्याने लाळेतली प्रथिनं शिजून चिकटतात. मग एन्झाइमच्या द्रावणात पाच-दहा मिनिटे, मऊ ब्रश, खळबळणं. वाफेत न जाणाऱ्या भागांना दोन टक्के ग्लुटारल्डिहाइड किंवा ०.५५ टक्के ओपीए या जंतुनाशक द्रावणात, बाटलीवर लिहिलेल्या वेळेपर्यंत पूर्ण बुडवून, रंग बदलणाऱ्या तपासणी-पट्टीने द्रावणाची ताकद तपासून. नंतर तीन पाण्यांत धुणं. हे तिसरं पाणी आळसाने गाळलं जातं. ग्लुटारल्डिहाइडचा अंश माउथपीसमध्ये राहिला तर दम्याच्या रुग्णाला पहिल्या फुंकीलाच खोकला लागतो, आणि मग ‘रुग्ण सहकार्य करत नाही’ असा शेरा पडतो. हायपोक्लोराइट (ब्लीच) स्टीलच्या भागांना लावू नका, खड्डे पडतात.

वाळवणं हा जून ते सप्टेंबरचा खरा पेच आहे. हवेत इतकी ओल असते की जाळीच्या ट्रेवर रात्रभर ठेवलेला भाग सकाळी तसाच दमट. त्यावर उपाय म्हणून कारखान्याच्या कॉम्प्रेसरची हवा मारतात, तर त्या हवेत तेलाचे कण असतात. टर्बाइनवर आणि जाळीवर तेलाची झिल्ली बसली की वाटोळं झालं. तेलाचा फिल्टर असलेली हवा किंवा मंद पंखा, एवढंच. ओला भाग झिपच्या पिशवीत बंद करणं म्हणजे जंतूंना घर बांधून देणं. पावसाळ्यात एकाऐवजी तीन संच फिरते ठेवावे लागतात, आणि घेतानाच सुट्या संचाचा दर वेगळा विचारून घ्यावा.

बॅक्टेरिया-व्हायरस फिल्टर लावला की हे सगळं टळतं असं विक्रेता सांगेल. बरंचसं टळतं, सगळं नाही. फिल्टर प्रत्येक माणसाला नवा, आणि यंत्राचं कॅलिब्रेशनही तोच फिल्टर लावून तपासायचं, कारण तोही हवेला थोडा अडवतो. नळी, फिल्टर, सेन्सर सगळं मिळून १४ लिटर प्रति सेकंदाच्या प्रवाहाला १.५ सेंटिमीटर पाणी प्रति लिटर प्रति सेकंद यापेक्षा कमी अडथळा हवा. फिल्टर धुऊन वापरणाऱ्याला काय म्हणावं!

खोलून जोडल्यावर दर वेळी तीन लिटरची सिरिंज, म्हणजे मोजलेली हवा ढकलून यंत्राचं कॅलिब्रेशन तपासायचा पंप. सावकाश, मध्यम, जोरात असे तीन ढकल, प्रत्येक आकडा २.९१ ते ३.०९ च्या आत. सावकाश ढकलात कमी आणि जोरात बरोबर आलं तर टर्बाइनच्या आसात घाण. तिन्हींत सारखंच कमी आलं तर गळती. हात थांबलेला असताना आकडा सरकतोय तर दाबाच्या नळीत पाणी. सिरिंज जोडायची ती माउथपीसच्या अडॅप्टरमधून. थेट सेन्सरला जोडली तर ज्या सांध्याची शंका आहे तोच तपासणीतून सुटतो, आणि ही चूक जवळपास सगळीकडे होते. सिरिंजचीही महिन्यातून एकदा तोंड बंद करून दाबून गळती बघावी.

परदेशी यंत्राचा अडॅप्टर हरवला की कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर करून घ्यायची आपली सवय आहे, आणि तिथले टर्नर मिलिमीटरचा शंभरावा भाग पकडतात, त्यांना उतार सांगितला की पुरतं. पण सळई ३१६एल स्टेनलेस स्टीलची मागा. ३०३ कापायला सोपी म्हणून तीच पुढे केली जाते. तिच्यात गंधक असतं आणि वाफेत डाग धरते. ज्या लेथवर सकाळी बिडाचं काम झालंय तिथे स्टील लावलं तर लोखंडाचे कण पृष्ठभागात रुततात आणि दहाव्या ऑटोक्लेव्हला तांबूस ठिपके येतात. भाग झाल्यावर सायट्रिक किंवा नायट्रिक आम्लात पॅसिव्हेशन (गंज रोखणारी प्रक्रिया) करून घ्या, आतली बर, म्हणजे कापताना उरलेली धारदार कड, हाताने काढून घ्या, आणि भोकाच्या कडेवर नख फिरवून बघा. नख अडलं तर लाळही अडेल. असा भाग स्वतःच्या दवाखान्यात वापरणं वेगळं. दुसऱ्याला विकायचा असेल तर तो वैद्यकीय उपकरण ठरतो आणि २०१७ च्या नियमांखाली परवाना लागतो.